मावशीचा सर्व्हे नंबर बाहेर कसा गेला? चॅटच्या कुलपाबद्दल, सीमाभागातल्या मोबाइलधारकांसाठी

गेल्या पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माझ्या मावशीच्या घरी जमीन मोजणीची नोटीस आली. सगळा मजकूर कन्नडमध्ये. मावशी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. कन्नड बोलून निभावते, वाचता येत नाही. मुलगा पुण्याला नोकरीत. तिनं नोटिशीचा फोटो काढला. शेजारी आधार कार्ड आणि पहाणी (कर्नाटकातला सातबारा) ठेवलेली होती, तीही फोटोत आली. मग तो फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'कोणीतरी मराठीत सांगा.' ग्रुपमध्ये पावणेदोनशे माणसं. दहा मिनिटांत उत्तर आलं, घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. पण चार दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. 'तुमच्या सर्व्हे नंबरची मोजणी लवकर करून देतो, आता एक ओटीपी येईल तेवढा सांगा.' नंबर बरोबर, वडिलांचं नावही बरोबर. मावशीनं फोन ठेवला आणि मला लावला.

"त्या चॅटमधी वरतीच लिवलंय की, कोण बी वाचू शकत न्हाई म्हणून. मग त्या माणसाला माझा सर्व्हे नंबर कसा कळला गा?"

मी बेळगावात संगणक शिकवतो आणि संध्याकाळी गल्लीतल्या मंडळात लोकांचे फोन नीट लावून देतो. मावशीचा हा प्रश्न तिथं रोज वेगवेगळ्या रूपात येतो. 'टेलिग्राम सेफ आहे काय वो सर?' 'सिग्नल घालून घेऊ काय?' सगळ्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं, आणि तसं देता येत नाही. मावशीच्या बाबतीत कुलूप कुणीही तोडलं नव्हतं. कुलपाच्या आतच पावणेदोनशे माणसं बसली होती आणि त्यांतल्या कुणीतरी तो फोटो पुढं ढकलला होता. म्हणून आधी हे कुलूप कुठून कुठपर्यंत पुरतं ते समजून घेऊ आणि मग एकेक सेटिंग करू. फोन हातात घेऊनच वाचा.

पार्सल, कुलूप आणि कंडक्टर

बेळगावच्या स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीत कंडक्टरच्या हाती पार्सल देणं आपल्याला नवीन नाही. समजा, कोल्हापूरच्या तुमच्या भाच्यानं आधीच तुमच्याकडं एक उघडं कुलूप पाठवून ठेवलंय आणि त्याची किल्ली फक्त त्याच्याकडं आहे. तुम्ही पेटीत वस्तू ठेवली, ते कुलूप दाबून बंद केलं आणि पेटी कंडक्टरला दिली. आता ती कंडक्टरला उघडत नाही, स्टँडवरच्या माणसाला उघडत नाही, बंद केल्यावर तुम्हालासुद्धा उघडत नाही. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणजे हेच. उघडं कुलूप ही 'पब्लिक की', आणि भाच्याच्या फोनमधून कधीच बाहेर न जाणारी किल्ली ही 'प्रायव्हेट की'. व्हॉट्सॲपनं एप्रिल २०१६ मध्ये सगळ्यांच्या चॅटला हे कुलूप लावलं. त्यामागची पद्धत सिग्नल बनवणाऱ्यांची आहे. तिच्यात प्रत्येक मेसेजला नवी किल्ली तयार होते, त्यामुळं एखादी किल्ली कुणाच्या हाती लागली तरी जुनी सगळी पार्सलं उघडत नाहीत. हे गणित जगभरच्या तज्ज्ञांनी तपासलेलं आहे आणि ते मजबूत आहे. त्याची काळजी करत बसू नका.

पण कंडक्टरला आत काय आहे हे कळत नसलं तरी बाकी बरंच कळतं. पार्सल कुणी दिलं, कुणी उतरवून घेतलं, किती वाजता, किती जड होतं, आठवड्यातून कितीदा जातं. चॅटमध्ये याला मेटाडेटा म्हणतात. मी त्याला पार्सलवरची चिठ्ठी म्हणतो. एखादा माणूस तीन आठवडे रोज रात्री एकाच वकिलाशी बोलतोय हे चिठ्ठीवरून कळलं, तर आतलं वाचायची गरजच उरत नाही. ही चिठ्ठी कोण किती जपून ठेवतं, यावरच ॲपांमधला खरा फरक ठरतो.

शिवाय पेटी भरण्याआधी वस्तू तुमच्या घरात उघडी असते आणि पोचल्यावर भाच्याच्या घरात उघडी असते. कुलूप फक्त प्रवासापुरतं.

कोणतं ॲप कशासाठी

व्हॉट्सॲपवर मेसेज, फोटो, कॉल, स्टेटस आणि ग्रुप या सगळ्यांना कुलूप असतं, आपण काही न करता. चिठ्ठी मात्र व्हॉट्सॲपच्या मालकीण असलेल्या मेटा कंपनीकडं राहते: तुमचा नंबर, कॉन्टॅक्ट, कोणत्या ग्रुपमध्ये आहात, कधी ऑनलाइन होता, कोणता फोन, कोणता आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमची जोडणी ओळखणारा आकडा). तीन ठिकाणी आतला मजकूरही बाहेर जातो. कुणी तुमच्या चॅटची 'रिपोर्ट' करून तक्रार केली, तर त्या चॅटचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडं पोचतात. दुकानाच्या किंवा बँकेच्या बिझनेस खात्याशी बोललात, तर ते खातं चालवणारी दुसरी कंपनी मजकूर वाचू शकते. आणि निळ्या गोलावर दाबून मेटा एआयला काही विचारलंत, तर ते मेटाला वाचता येतं. एरवी रोजच्या बोलण्याला, नात्यागोत्याला, भजनी मंडळाला व्हॉट्सॲप पुरेसं आहे. सगळे तिथंच आहेत, आणि जिथं सगळे आहेत तिथंच बोलणं होतं.

सिग्नल नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेचं आहे. कुलूप तेच, पण चिठ्ठी जवळजवळ कोरी. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयीन आदेशावर त्यांना एका खात्याची माहिती द्यावी लागली, तेव्हा त्यांच्याकडं द्यायला दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. कुणाशी बोलला, किती वेळा, कोणत्या ग्रुपमध्ये होता, यातलं काहीच त्यांनी साठवलेलं नव्हतं. खातं उघडायला मोबाइल नंबर लागतोच, पण फेब्रुवारी २०२४ पासून यूजरनेम घेता येतं, म्हणजे समोरच्याला नंबर न देता बोलता येतं. वकील आणि अशील, पत्रकार आणि त्याला माहिती देणारा, घरात त्रास सोसणारी बाई आणि तिची मैत्रीण, डॉक्टरांशी नाजूक आजारावर बोलणारा माणूस, यांनी सिग्नल घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

टेलिग्रामबद्दल आपल्याकडं सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पोलीस भरतीचे पेपर, स्पर्धा परीक्षांच्या नोट्स यांसाठी मुलं ते वापरतात आणि 'टेलिग्राम सगळ्यात सिक्रेट' असं समजतात. टेलिग्रामची साधी चॅट एंड-टू-एंड कुलूपबंद नसते. मजकूर त्यांच्या सर्व्हरवर असतो आणि त्याच्या किल्ल्या कंपनीकडं. ग्रुपला तर ते कुलूप लावताच येत नाही. दोघांपुरती 'सिक्रेट चॅट' वेगळी सुरू करावी लागते: समोरच्याचं प्रोफाइल उघडा, तीन टिंबांवर दाबा, 'स्टार्ट सिक्रेट चॅट'. आणखी एक धोका आहे. सगळं सर्व्हरवर असल्यामुळं तुमचा लॉगिन कोड ज्याच्या हाती लागेल, त्याच्या फोनवर तुमच्या वर्षानुवर्षांच्या साध्या चॅट उघडतात. ऑगस्ट २०२४ मध्ये संस्थापक पावेल दुरोव यांना फ्रान्समध्ये अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये कंपनीनं धोरण बदललं. कायदेशीर मागणी आली तर संशयिताचा नंबर आणि आयपी पत्ता देऊ असं जाहीर केलं. नोट्ससाठी टेलिग्राम ठेवा. घरातलं बोलणं तिथं नको.

दुसरं कुठलंही ॲप कुणी सुचवलं, देशी असो वा परदेशी, तर एवढंच विचारा: मेसेजला, कॉलला आणि ग्रुपला, तिन्हीला आपोआप एंड-टू-एंड कुलूप आहे का? एकाला जरी 'नाही' असं उत्तर आलं, तरी ते बोलणं कंपनीला दिसू शकतं असं धरून चाला. आणि साधा एसएमएस, साधा फोन? त्याला हे कुलूप नाहीच. ते मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून उघडं जातं.

पहिली पायरी: खातं आपल्याच हातात आहे का ते बघा

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकड्यांचा पिन लावा आणि आपला ईमेल जोडा. जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नको. यानंतर कुणी तुमचा एसएमएस कोड फसवून घेतला, तरी पिनशिवाय खातं त्याच्या फोनवर लगेच उघडणार नाही. सिग्नलमध्ये हेच काम अकाउंटमधल्या 'रजिस्ट्रेशन लॉक'नं होतं. टेलिग्राममध्ये प्रायव्हसीखाली टू-स्टेपचा पासवर्ड असतो.

मग 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्या कोणत्या संगणकावर चालू आहे, ते इथं दिसतं. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला व्हॉट्सॲप वेब लावलं आणि तसंच सोडून आलो, ही आपल्याकडची रोजची गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या फोनमध्ये असे तीन संगणक निघाले, त्यातले दोन कुठले ते त्याला आठवेचना. ओळखीचं नसेल ते लगेच लॉग आउट करा. 'तुमचा फोटो इथं बघा' म्हणून लिंक पाठवून आठ अक्षरांचा कोड टाकायला लावणारे भामटेही याच दारानं आत येतात. तो कोड म्हणजे तुमच्या खात्याला त्यांचा संगणक जोडायची परवानगी असते.

सिमबद्दल खास आपल्या भागासाठी सांगतो. सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात असलेल्या जागांवर मुलं कोल्हापूर-पुण्याला शिकायला जातात, तिथं सिम घेतात, त्यावर व्हॉट्सॲप सुरू करतात. परत आल्यावर रिचार्ज थांबतो आणि सिम बंद पडतं. बंद झालेला नंबर मोबाइल कंपनी किमान ९० दिवस कुणाला देत नाही, पण त्यानंतर तो दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. मग तुमच्या जुन्या मित्रांचे मेसेज, बँकेचे ओटीपी त्या माणसाकडं. सिम सोडायच्या आधी व्हॉट्सॲपमध्ये 'चेंज नंबर' करा, आणि बँक, आधार, शिष्यवृत्ती सगळीकडं नवा नंबर द्या.

दुसरी पायरी: बॅकअप, इथंच सगळ्यात मोठं भोक आहे

२०२० मध्ये हिंदी चित्रपटसृष्टीतल्या लोकांच्या चॅट टीव्हीवर झळकत होत्या, तेव्हा लोक म्हणाले, व्हॉट्सॲप फुटलं. असा मजकूर बाहेर यायला कुलूप फुटावं लागत नाही. जप्त केलेल्या फोनमधून तो निघतो, नाहीतर बॅकअपमधून. व्हॉट्सॲप तुमच्या चॅटची प्रत गूगलच्या किंवा आयफोनवाल्यांच्या आयक्लाउड खात्यात ठेवतं, आणि तुम्ही स्वतः सांगितल्याशिवाय त्या प्रतीला एंड-टू-एंड कुलूप नसतं. पेटीला चांगलं कुलूप घालायचं आणि आतल्या कागदांची झेरॉक्स माडीवर उघडी ठेवायची, असला हा प्रकार.

आपल्याकडं यात आणखी एक अडचण. नवा फोन घेतला की दुकानातला मुलगाच जीमेल खातं उघडून देतो. पासवर्ड त्याला माहीत, मालकाला नाही. बऱ्याचदा पासवर्ड म्हणजे मोबाइल नंबरच. तुमच्या चॅटची प्रत जाते ती याच खात्यात. म्हणून आधी फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल खातं उघडा, 'सिक्युरिटी'त जाऊन पासवर्ड बदला, परत मिळवण्याचा नंबर तुमचाच आहे का बघा, आणि 'युअर डिव्हायसेस'मध्ये अनोळखी फोन दिसला तर काढून टाका.

मग व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. ही सोय २०२१ मध्ये आली, पण मी विचारलं तर वीस जणांत एखाद्यानंच ती चालू केलेली असते. पासवर्ड ठेवा किंवा ६४ आकडी किल्ली घ्या. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा, फोनमध्ये नको. फोन हरवला आणि पासवर्डही विसरलात, तर तो बॅकअप कंपनीसुद्धा उघडून देऊ शकत नाही. म्हणजे कुलूप खरं आहे. एवढं कष्ट नको असेल आणि जुन्या चॅटची गरजही नसेल, तर बॅकअप सरळ बंद करा. सिग्नल आपण होऊन बॅकअप कुठंच पाठवत नाही, हवा असेल तर वेगळा चालू करावा लागतो.

हे सगळं तुम्ही केलंत तरी समोरच्याचा बॅकअप उघडा असेल, तर तुमचं त्याच्याशी झालेलं बोलणं तिथं उघडंच आहे. महत्त्वाचं बोलणं ज्याच्याशी होतं, त्याच्याही फोनवर ही पायरी करून द्या. आणि अशा चॅटला 'डिसअपिअरिंग मेसेजेस' लावा. व्हॉट्सॲपमध्ये २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. मी वकिलांच्या चॅटला ७ दिवस ठेवतो.

तिसरी पायरी: फोन, कीबोर्ड आणि लग्नपत्रिका

२०१९ मध्ये पेगॅसस नावाच्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरनं व्हॉट्सॲप कॉलमधल्या एका त्रुटीतून जगभरातल्या सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केलं. त्यात भारतीयही होते. फोनच ताब्यात गेला की मेसेजला कुलूप लागायच्या आधी आणि उघडल्यानंतर तो वाचता येतो. इतकं महागडं हत्यार तुमच्यामाझ्यावर कुणी वापरणार नाही. आपल्याकडं येते ती 'लग्नपत्रिका'. नावाच्या शेवटी एपीके असलेली फाइल, कधी वाहनाचं चलान म्हणून, कधी शेतकरी सन्मानचं नाव लावून. दाबली की ॲप बसतं आणि तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, परस्पर वाचू लागतं. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते; ती 'इन्स्टॉल' करायला कधीच सांगत नाही. फाइल ओळखीच्याच नंबरवरून आली तरी आधी त्याला फोन करा, बहुतेक वेळा त्याचंही खातं गेलेलं असतं.

जीबी व्हॉट्सॲपसारखी बनावट रूपं काढून टाका. ती अधिकृत नाहीत, आत काय घातलंय ते कुणी तपासलेलं नाही.

कीबोर्डचा विचार फारसा कुणी करत नाही. आपल्यातले बरेच जण मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करता यावं म्हणून कुठलाही फुकट कीबोर्ड घालतात. तुम्ही जे टाइप करता ते कुलूप लागण्याआधी कीबोर्डच्याच हातून जातं. कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड हा इशारा देतो, आपण न वाचता 'ओके' करतो. फोनबरोबर आलेल्या किंवा नावाजलेल्या कंपनीच्या कीबोर्डमध्ये दोन्ही भाषा मिळतात, तोच वापरा.

फोनला पॅटर्नपेक्षा सहा आकडी पिन बरा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. दुरुस्तीला देताना पिन कागदावर लिहून देऊ नका. काही फोनमध्ये 'मेन्टेनन्स मोड' असतो, तो लावला की दुरुस्ती करणाऱ्याला तुमचे फोटो आणि चॅट दिसत नाहीत.

चौथी पायरी: कन्नड कागद वाचून घेताना

मावशीची गोष्ट इथं येते, आणि मला खरं बोलायचंय ते हेच. सरकारी कागद मराठीतही मिळावेत ही आपली मागणी जुनी आहे. पण मिळेपर्यंत हजारो घरांत एकच पद्धत चालते: फोटो काढा आणि ज्याला कन्नड येतं त्याला पाठवा. नोटीस, पहाणी, रेशन कार्ड, पेन्शनचा आदेश, दवाखान्याचा कागदसुद्धा. दुसऱ्या भागातल्या माणसाला स्वतःचे कागद स्वतः वाचता येतात. आपल्या माणसाला ते वाचण्यासाठीच दुसऱ्याच्या हाती द्यावे लागतात. म्हणून खाजगीपणाचा प्रश्न आपल्याकडं जास्त टोकदार आहे.

पहाणी हे काही गुपित नाही. कर्नाटक सरकारच्या भूमी योजनेच्या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर टाकून ती कुणालाही बघता येते. घात होतो तो सर्व्हे नंबर, नाव, आधार क्रमांक आणि मोबाइल नंबर एकत्र मिळाले की. तेवढ्यावर भामट्याला 'मी ऑफिसातून बोलतोय' असं खात्रीनं म्हणता येतं. २०२३ मध्ये कर्नाटकात नोंदणीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे वापरून आधारवरून परस्पर पैसे काढल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तेव्हा ठसा असलेला कागद ग्रुपवर टाकणं हे रोकड टाकण्यासारखंच.

मी आता सगळ्यांना असं करायला सांगतो. कागद एकटा ठेवून फोटो काढा, शेजारी दुसरा कागद नको. आधार क्रमांक, बँक खातं आणि अंगठा कागदाच्या तुकड्यानं झाकून मगच फोटो घ्या. नंतर फोनमध्ये रंग फासणार असाल तर गडद काळा, जाड. हायलायटर पेनानं फासलेलं उजेड वाढवून वाचता येतं, हे मी वर्गात करून दाखवलंय. आधार द्यावाच लागला, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' उतरवून घ्या आणि आधारच्या अधिकृत ॲपमधून बोटांचे ठसे लॉक करून ठेवा.

आणि ग्रुपवर नको, एका माणसाला. प्रत्येक गल्लीत, वाडीत कन्नड वाचणारा एखादा शिक्षक, निवृत्त कारकून, कॉलेजातली मुलगी असतेच. फोटो 'व्ह्यू वन्स' करून पाठवा. एकदा बघितला की जातो आणि स्क्रीनशॉट घेऊ देत नाही. दुसऱ्या फोननं त्याचा फोटो काढता येतो हे खरं, म्हणून माणूस विश्वासाचाच हवा.

हल्ली मुलं कागद एआयला देऊन भाषांतर मागतात. अर्थ चांगला लागतो, मान्य. पण तो कागद तुमच्या चॅटच्या कुलपाबाहेर, कंपनीच्या सर्व्हरवर गेला. झाकलेला कागद द्या, उघडा कधीच नको.

पाचवी पायरी: ग्रुप

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या बड्या अधिकाऱ्यांनी लष्करी हल्ल्याची चर्चा सिग्नल ग्रुपवर केली आणि चुकून एका नियतकालिकाच्या संपादकालाच त्या ग्रुपमध्ये घेतलं. सिग्नलचं कुलूप शाबूत होतं. सगळं बाहेर आलं ते एका चुकीच्या नावामुळं.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. गावच्या ग्रुपमधली किती नावं तुम्ही ओळखता ते एकदा मोजा. अशा ग्रुपमध्ये लिहिलेलं हे स्टँडवरच्या फलकावर लिहिल्यासारखंच धरा. प्रायव्हसीमध्ये 'ग्रुप्स' उघडून 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, म्हणजे परके लोक तुम्हाला ओढून घेणार नाहीत. ॲडमिन असाल तर ग्रुपची उघडी लिंक वेळोवेळी 'रीसेट' करा, नव्या माणसाला मंजुरी लागेल असं ठेवा. 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' लावली की चॅट एक्स्पोर्ट करता येत नाही. स्क्रीनशॉट मात्र निघतोच.

१ नोव्हेंबर जवळ आला की आपले ग्रुप तापतात. एका बाजूला कर्नाटक राज्योत्सव, एका बाजूला मराठी भाषकांचा काळा दिन. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांच्या गाड्या लक्ष्य झाल्या, आणि तसले जुने व्हिडिओ 'आत्ताच' म्हणून पुन्हा येतात. आपलं म्हणणं ठामपणे मांडा, तो आपला हक्क आहे. पण भाषेच्या कारणावरून वैर वाढवणारा मजकूर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, आणि 'चॅट एन्क्रिप्टेड होती' हा त्यावरचा बचाव नाही. तक्रार करणारा ग्रुपमधलाच असतो. फॉरवर्ड केलेल्या एका व्हिडिओपायी विशीतल्या पोरांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा कराव्यात, हे मला बघवत नाही. व्हिडिओ कुठला, कधीचा, हे कळेपर्यंत अंगठा आवरा.

ॲडमिनच्या जबाबदारीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं, की आधीपासून संगनमत नसेल तर दुसऱ्या सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला दोषी धरता येत नाही. तो निकाल दिलासा देणारा आहे, पण बेळगाव धारवाड खंडपीठाखाली येतं. मुंबईचा निकाल इथं आधार म्हणून मांडता येतो, बंधनकारक नाही.

साठ आकडे

व्हॉट्सॲप आणि सिग्नल दोन्हींत प्रत्येक चॅटला ६० आकड्यांचा क्रमांक असतो. व्हॉट्सॲपमध्ये समोरच्याच्या नावावर दाबून 'एन्क्रिप्शन' उघडा. दोघे भेटाल तेव्हा एकमेकांचा क्यूआर कोड स्कॅन करा. जुळला, तर मधे दुसरं कुणी नाही. रोज करायचं काम नाही. वकील, जोडीदार, भागीदार एवढ्यांशी एकदा पुरे. नंतर 'सिक्युरिटी कोड बदलला' असं दिसलं, तर बहुतेक त्यानं फोन बदललेला असतो. पैशाचं बोलणं चालू असेल, तर साधा फोन करून आवाज ऐका.

कायदा काय म्हणतो

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. ती याचिका करणारे न्यायमूर्ती पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश. दुसऱ्या बाजूला, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे केंद्र किंवा राज्य सरकार ठरावीक कारणांसाठी माहिती उलगडून मागू शकतं. २०२१ च्या नियमांत मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी एखादा मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून देण्याची तरतूद आली. व्हॉट्सॲपनं तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी तिथं सांगितलं, की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर व्हॉट्सॲपला भारत सोडावा लागेल.

तपासात पोलीस कायद्यानं फोन जप्त करू शकतात. तसं झालं तर जप्तीचा पंचनामा मागा, कन्नडमध्ये असेल तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि वकिलाला लगेच कळवा. त्या घडीला फोनमधून काही पुसू नका, तो पुरावा नष्ट केल्याचा आरोप होऊ शकतो. मेसेज आपोआप पुसण्याची सवय आधीपासूनची असेल तर ती गोष्ट वेगळी.

खातं गेलंच तर

घाबरून नवं सिम घ्यायला धावू नका. आपल्याच फोनवर व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करा, नंबर टाका, एसएमएसनं आलेला सहा आकडी कोड भरा. तो भरताच चोर बाहेर फेकला जातो. त्यानं मधे स्वतःचा पिन लावला असेल, तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागेल, पण तेवढ्यात त्यालाही आत येता येत नाही. मग लिंक्ड डिव्हायसेस रिकामं करा. दुसऱ्याच्या फोनवरून घरच्या ग्रुपला कळवा, कारण चोर पहिल्यांदा काका-मामांकडंच 'दवाखान्यात आहे, पाच हजार पाठव' म्हणून मागतो. पैसे गेले असतील तर त्याच घडीला १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळेल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते आणि बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यातही. जाताना व्यवहाराचा क्रमांक, बँकेचा एसएमएस आणि भामट्याच्या चॅटचे स्क्रीनशॉट छापून न्या, आणि तक्रारीची पोचपावती हातात पडल्याशिवाय तिथून निघू नका.